शेततळ्यातला गाळ काढायचाय? जेसीबी, पोकलेन की मड पंप हे गाळाला विचारा, तासाच्या भावाला नाही

एप्रिल लागला की गावात जो तो हेच विचारतो, यंदा जेसीबी तासाला काय भावाने चालू आहे. गाळ किती साचला आणि तो खालून ओला आहे की सुकला हे कोणी विचारत नाही. मी माझ्या वावरातलं तळं तीनदा उपसलं, भावाचं आणि धुऱ्यापलीकडच्यांची मिळून आणखी पाच-सहा करून दिली, आणि तासाच्या दरावरून मशीन ठरवणाऱ्यांचे पैसे दुप्पट गेलेले दरवेळी पाहिले.

प्लास्टिकचं तळं असेल तर

अस्तरीकरण केलेल्या तळ्यात कोणतीच मशीन उतरवायची नाही, काठावरून बकेटही घालायची नाही. ५०० मायक्रॉनचा कागद बकेटच्या एका दाताने फाटतो आणि फाटलेलं गाळाखाली दिसतही नाही. तळाला वीतभर पाणी ठेवा, दोन-तीन माणसं अनवाणी उतरवून रबरी वायपरने गाळ ढवळा आणि मड पंपाने, म्हणजे चिखल ओढणाऱ्या पंपाने, बाहेर काढा, उरलेला प्लास्टिकच्या घमेल्याने. लोखंडी फावडं आत नेऊच नका. कागद फार घसरतो, म्हणून काठाला पक्का बांधलेला, गाठी मारलेला दोर आत सोडल्याशिवाय कोणाला उतरू देऊ नका. बाहेर पडणारी राड वाहून जाऊ नये म्हणून वावरात छोटा बांध घालून आळं करून ठेवा. बाकी काही नाही.

खाली सगळं साध्या मातीच्या तळ्याचं आहे.

गाळ मोजा

१२ एमएमची सळई घ्या, आठ-दहा जागी खुपसा, जुना कडक तळ लागला की खूण करा. २०१६ च्या मागेल त्याला शेततळे योजनेतलं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं धरा, साइडचा उतार एकास एक असेल तर तळ २४ बाय २४ चा होतो. त्यावर एक फूट गाळ म्हणजे साधारण ६० ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), आणि गाळ मोकळा झाला की फुगतो त्यामुळे ट्रॉलीला ब्रासभर धरून ट्रॉल्या ७०-७५ माना. हा आकडा हातात असल्याशिवाय ठेका देऊ नका.

खरी अडचण इथे आहे: गाळ वरून सुकतो, आतून नाही

मेमधे आपल्याकडे विदर्भात पारा ४५ ला टेकतो, आठ-दहा दिवसांत गाळाला हातभर भेगा पडतात, माणूस चालला तर पाय रुतत नाही, आणि सगळे म्हणतात झालं, वाळलं, बोलवा जेसीबी. मी पहिल्या वेळी हेच ऐकलं. जेसीबी साडेसात टनांची, सगळं वजन चार टायरांवर, वरची पापडी फुटली आणि मागची चाकं अर्धी आत गेली, ड्रायव्हरने जोर लावला तशी आणखी खाली बसली. शेवटी पोकलेन बोलवून ओढून काढावी लागली, दोन दिवस गेले, दोन्ही मशीनचं भाडं माझ्या डोक्यावर बसलं आणि गाळ एक ट्रॉलीही निघाला नाही. मशीन आडवी झाली असती किंवा ड्रायव्हरला काही झालं असतं तर काय, हा विचार आजही मनातून जात नाही, म्हणून हे इतकं लांबण लावून सांगतोय.

काळ्या मातीचा गाळ म्हणजे बारीक चिकण माती. वरची पापडी वाळली की तीच झाकणासारखी बसते आणि खालचं पाणी उडू देत नाही. नुसती वाट पाहून दीड-दोन फुटांखालचा गाळ सुकत नाही, एक महिना थांबलात तरी.

म्हणून असं करा. तळ्याच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात एक खड्डा घ्या आणि बाकी गाळातून त्या खड्ड्याकडे माणसांकडून चर काढा, फूट-दीड फूट खोल, आठ-दहा पावलांवर एक. चरात पाणी उतरतं, खड्ड्यात जमतं, ते रोज मोटरने काढून टाका. मला दरवेळी यानंतर पंधरा-वीस दिवस लागले. मग परीक्षा घ्यायची: मधोमध आणि सांडव्याच्या बाजूला दोन-दोन फूट खड्डे खणून संध्याकाळी सोडून द्या. सकाळी त्यात पाणी दिसलं तर मशीन बोलवायची नाही, मग जेसीबीवाला कितीही म्हणो की उद्या दुसरीकडे जातो. पाणी नसेल तर खालची माती मुठीत दाबा, बोटांच्या फटीतून निघाली तर अजून ओली, घट्ट लाडू होऊन हाताला कमी चिकटली तर चालेल.

सांडव्याच्या बाजूला मुद्दाम सांगतोय. पाणी ज्या तोंडाने आत येतं तिथे रेताड जड माती आधी बसते, आणि सगळ्यात बारीक चिकण गाळ लांबच्या टोकाला, म्हणजे सांडव्याकडे जातो. लोक या तोंडाजवळ, म्हणजे इनलेटजवळ, पाय ठेवून पाहतात, कडक लागतं आणि फसतात. पण याचाच फायदाही आहे, मशीन उतरवायचा रॅम्प इनलेटच्या बाजूनेच काढा, तिथली जमीन वजन पेलते.

आता मशीन

तळं १५ बाय १५ चं असेल तर विचारच करू नका, पोकलेन काठावर उभं करा, खाली न उतरता सगळा तळ हाताशी येतो आणि गाळ थोडा ओला असला तरी चालतं. ३० बाय ३० ला हे जमत नाही. साध्या २० टनी पोकलेनचा हात नऊ-दहा मीटर जातो, त्यात काठ ढासळू नये म्हणून थोडं मागे उभं राहावं लागतं, तीन मीटर उतारात जातात, तळाची जेमतेम चार-पाच मीटरची पट्टी मिळते. चारही बाजूंनी फिरवलं तरी मधला १४-१५ मीटरचा चौकोन तसाच राहतो. लाँग बूम, म्हणजे लांब हाताचं पोकलेन, मिळालं तर उत्तम, पण ते आमच्याकडे सहज मिळत नाही आणि लो-बेड ट्रेलरने आणायचा खर्च एकट्या तळ्याला परवडत नाही, चार-पाच जण मिळून आणा.

मोठ्या तळ्यासाठी मी आता एकच पद्धत करतो. इनलेटकडून रॅम्प, रॅम्पच्या पायाशी गाळ काढून जुना कडक तळ उघडा करायचा, मशीन त्या साफ तळावर उभी करायची आणि समोरचा गाळ उचलत पुढे सरकायचं. मशीन न काढलेल्या गाळावर कधीच उभी करायची नाही, तो सुकलेला दिसला तरी. चेनची मशीन, म्हणजे पोकलेनच घ्या, वजनाने जेसीबीच्या तिप्पट असली तरी भार चेनवर पसरतो. जेसीबी फक्त गाळ पूर्ण सुकला असेल आणि फूटभरच असेल तेव्हा. ट्रॉल्या भरून रॅम्प चढतील असं धरू नका, मशीनने गाळ काठाकडे टाकावा आणि ट्रॉली वरच भरावी.

काहीजण गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार या सरकारी योजनेतल्या धरण-तलावांच्या कामांचं उदाहरण देतात, तिथे टिप्पर थेट आत जातात म्हणून. तो पसरट तलाव असतो, आपलं तळं म्हणजे उभ्या काठाचा खड्डा, तिथला अनुभव इथे लावू नका.

आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा बहार) धरलेल्या संत्रावाल्यांना मेमधे तळं रिकामं करता येत नाही, त्यांनी सुकवायचा नाद सोडून मड पंपच वापरावा, गाळ अर्धाच निघेल पण झाडं वाचतील.

कुठे थांबायचं

मातीचा रंग बदलला, चुनखडीचे खडे किंवा मुरूम बकेटमधे दिसू लागला की लगेच हात थांबवा. खरं तर चार-पाच इंच गाळ राहू द्या, तोच तळ धरून ठेवतो. मशीनवाल्याला तासाचे पैसे मिळतात, तो खोल करून देतो म्हणेल, स्वतः काठावर उभे राहा.

गाळ टाकायचा कुठे

हलक्या मुरमाड वावरात दोन-तीन इंच पसरवा, सोनं आहे. आधीच भारी काळी जमीन असेल तिथे टाकू नका, निचरा आणखी बिघडतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात, असाल तर आधी नमुना माती परीक्षणाला द्या, क्षार जास्त निघाले तर वावराच्या बांधावरच टाका, पण तळ्याच्या काठापासून लांब, नाहीतर पहिल्या पावसात परत आत.

शेवटी इनलेटच्या आधी दोन बाय दोन मीटरचा, मीटरभर खोल गाळखड्डा मशीन आहे तोवरच काढून घ्या, त्याला तासभरही लागत नाही. पावसाळ्यात दोन-तीनदा तो फावड्याने रिकामा करायचा, पहिल्यांदा मृगाचा मोठा पाऊस पडून गेला की लगेच, कारण उघड्या वावरातली सगळ्यात जास्त माती त्याच पाण्यात येते.