सायनसमधली साधी गाठ: आधी मूळ शोधा, मग ऑपरेशन ठरवा

एकाच बाजूचं नाक महिनोन्महिने बंद, शेवटी बायोप्सी केली आणि रिपोर्टमध्ये इन्व्हर्टेड पॅपिलोमा आलं, की घरचे पहिलं विचारतात दुर्बिणीने होईल का चेहऱ्यावर चिरा पडेल? त्याच्याही आधी विचारा की गाठीचं मूळ, म्हणजे ती जिथून उगवली ती जागा, कुठे आहे. ही गाठ कॅन्सर नाही, पण मूळ राहिलं तर परत येते आणि काही जणांत तिच्यातच कॅन्सर निघतो, म्हणून साध्या पॉलिपसारखी ओढून काढून भागत नाही.

सीटीत एखाद्या जागी हाड जाड झालेलं दिसलं तर बहुतेक वेळा मूळ तिथेच असतं. पण सायनस गच्च भरला असेल तर गाठ कुठली आणि मागे अडकलेला शेंबूड कुठला हे सीटीत नीट कळत नाही, तिथे कॉन्ट्रास्ट एमआरआय (शिरेतून औषध देऊन केलेला) लागतो. खर्च वाढतो मान्य, पण इथे काटकसर करू नका.

मूळ नाकाच्या बाजूच्या भिंतीला किंवा दोन डोळ्यांमधल्या सायनसमध्ये असेल तर दुर्बीण पुरते. गालाच्या सायनसच्या आतल्या भिंतीला असेल तर ती भिंतच दुर्बिणीने काढतात. पुढच्या भिंतीला असेल तर सरळ पोचता येत नाही, मग अश्रूनळीच्या पुढून वाट काढतात किंवा डेंकर पद्धत (नाकाच्या पुढच्या कडेचं हाड काढून वाट करणं) वापरतात, तीही नाकातूनच. कपाळाच्या सायनसमध्ये मूळ मधल्या बाजूला असेल तर ड्राफ ३ (दोन्ही बाजूंच्या कपाळाच्या सायनसची नाकातली वाट दुर्बिणीने एक करून मोठी करणं) होतं, पण डोळ्याच्या वर पार बाहेरच्या बाजूला गेलं असेल तर बाहेरून चिरा घ्यावा लागू शकतो. असं सांगणारा सर्जन जुन्या वळणाचा आहे असं समजू नका हो, मूळ हाती लागणं महत्त्वाचं. आणि मुळाखालचं हाड ड्रिलने घासणार ना, हे नक्की विचारा.

वयात येणारा मुलगा, एका बाजूचं नाक बंद आणि सारखा घोळणा फुटतो, तर तो अँजिओफायब्रोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेली साधी गाठ, असू शकतो. ओपीडीत बायोप्सी अजिबात करू देऊ नका, जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. आधी स्कॅन, आणि ऑपरेशनच्या साधारण २४ ते ४८ तास आधी गाठीला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या बंद करून घेतात. याउलट लहान ऑस्टिओमा (हाडाची साधी गाठ), काही त्रास नाही, तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं.

पॅपिलोमा काढल्यावर दुर्बिणीची तपासणी ५ वर्षं तरी चालू ठेवा, कारण तो उशिरानेही उगवतो. आधी कुठे ऑपरेशन झालं असेल तर तिथली ऑपरेशन नोट आणि स्कॅनची सीडी मागून घ्या, मागच्या वेळी मूळ कुठे होतं ते त्यातच सापडतं.