प्रेस वर जाईना: सोलेनॉइड व्हॉल्व्हचा माझा अनुभव

वाळूजमधल्या शेडची हायड्रॉलिक प्रेस खाली यायची, वर जाईना. तेलाची दिशा बदलणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हची 230 व्होल्ट एसी कॉइल दुसऱ्यांदा जळालेली. नुसती कॉइल बदलून भागत नाही: एसीत स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकता दांडा) पूर्ण सरकला नाही की सुरुवातीचा जादा करंट तसाच वाहतो, कॉइल भाजते.

स्लाइड (प्रेसचा खाली-वर होणारा भाग) खाली टेकवून, पंप बंद करून स्पूल हातानं ढकलायची मॅन्युअल पिन दाबली, जड. स्पूलवर तपकिरी चिकट थर, शिवाय व्हॉल्व्हचे चारही एम5 बोल्ट पान्याला पाइप लावून आवळलेले (ही खोड जात नाही). त्यानं बॉडी किंचित पिळवटते, स्पूल धरतो.

स्पूल धुतला, ओ-रिंगा आणि रिटर्न फिल्टर बदलला, बोल्ट आळीपाळीनं तिरपे आवळले, 7 न्यूटन-मीटरवर.

नवा व्हॉल्व्ह घेताना 24 व्होल्ट डीसी घ्या, स्पूल अडकला तरी कॉइल सहसा जळत नाही. सेंटर (स्पूल मधोमध असताना तेलाची वाट) मात्र जुन्यासारखंच हवं. पंपाचं तेल टाकीत परत सोडणाऱ्या टँडेमच्या जागी वाट बंद करणारं क्लोज्ड बसवलं तर पंप सतत रिलीफ व्हॉल्व्हवर, म्हणजे पूर्ण दाबावर चालतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात तेल उकळायला आणखी काय हवं!