संशोधकाचा सीव्ही आणि ऑनलाइन प्रोफाइल: या चुका टाळा

सगळ्यात मोठा घोळ होतो तो नावाचा. पहिल्या शोधनिबंधावर ‘सुनीता आर. देशपांडे’, दुसऱ्यावर ‘एस. आर. देशपांडे’, लग्नानंतर ‘सुनीता एम. जोशी’. स्कोपस हा शोधनिबंधांचा ऑनलाइन माहितीसाठा लेखकाचे नाव, संस्था आणि सहलेखक बघून आपोआप प्रोफाइल बनवतो, त्यामुळे एकाच बाईंची तीन प्रोफाइल तयार होतात. अशा वेळी तिन्हींच्या एच-इंडेक्सची (निबंध आणि त्यांचा इतरांनी दिलेला संदर्भ यांवरून काढलेला आकडा) बेरीज करून सीव्हीत लिहू नका. एच-इंडेक्स बेरजेने मिळत नाही, निबंध एकत्र आल्यावर तो नव्याने मोजावा लागतो. स्कोपसकडे प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती करा आणि मगच आकडा लिहा, तोही कोणत्या तारखेचा ते सांगून.

पुढच्यासाठी नावाचे एकच रूप ठरवा. ऑर्किडचा (ORCID, संशोधकांना कायमचा ओळख क्रमांक देणारी सेवा) १६ अंकी क्रमांक घ्या (शेवटी कधी कधी ‘एक्स’ असतो, ती चूक नव्हे) आणि जुनी नावे तिथल्या पर्यायी नावांच्या रकान्यात भरा. हा क्रमांक निबंध पाठवतानाच द्यायचा. छापून आल्यावर तो जोडून घ्यायचा तर प्रकाशकाच्या मागे लागावे लागते.

ऑर्किडची दोन खाती होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कॉलेजचा ईमेल. नोकरी बदलली, पत्ता बंद पडला, पासवर्ड आठवत नाही, मग नवे खाते! पहिल्याच दिवशी खासगी ईमेलही जोडून ठेवा. दोन खाती झालीच असतील तर जे ठेवायचे त्यात लॉगिन करून सेटिंगमधून दुसरे काढा. त्याआधी दुसऱ्यातल्या नोंदी इकडे भरून घ्या, कारण काढलेले खाते परत मिळत नाही.

गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधण्याच्या सेवेवरच्या प्रोफाइलमध्ये आपोआप भर घालण्याची सोय चालू असते आणि पाटील, कुलकर्णी, जोशी यांच्या यादीत भलत्याच विषयाचे निबंध येऊन बसतात. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या नावावर हृदयरोगाचा निबंध मुलाखतीत समितीच्या लगेच डोळ्यात भरतो. सेटिंग बदलून बदल आधी ईमेलवर तपासायला मागवा. परके निबंध निवडून काढा, दुबार नोंदी निवडून एकत्र करा.

सीव्हीत ‘प्रकाशित’, ‘स्वीकृत’ आणि ‘पाठवलेला’ असे तीन वेगळे गट हवेत. पाठवलेला निबंध प्रकाशनांत मोजणे म्हणजे उघड लबाडी. स्वीकृत म्हणायचे तर संपादकाचे पत्र जवळ हवे. जर्नल इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) क्लॅरिव्हेट या कंपनीचा असतो. त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाचे, पैसे घेऊन दिलेले आकडे लिहिले की बाकीच्या सीव्हीवरही संशय येतो. युजीसी-केअर, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. जुन्या निबंधांपुढे प्रकाशनाचा महिना आणि वर्ष लिहा, आणि नियतकालिक तेव्हा यादीत होते याचा पुरावा असेल तर जपून ठेवा.

रिसर्चगेट या संशोधकांच्या संकेतस्थळावर प्रकाशकाची अंतिम पीडीएफ सरसकट चढवू नका. बऱ्याचदा फक्त स्वीकृत हस्तलिखिताला (प्रकाशकाने मांडणी करण्याआधीचा मसुदा) परवानगी असते, तीही ठरावीक महिन्यांनंतर.

संकेतस्थळावरच्या सीव्हीत आधार, पॅन, जन्मतारीख, घरचा पत्ता नको. ही माहिती अर्जाच्या नमुन्यात मागतात, तिथेच द्यावी. आणि गूगल ड्राइव्हवरच्या सीव्हीची लिंक पाठवण्याआधी ती इन्कॉग्निटो (तुमचे लॉगिन नसलेल्या) खिडकीत उघडून बघा. परवानगी मागणारे पान आले, तर समितीलाही तेच दिसणार आहे.