सरकारी कार्यालयाने आणि सेवाभावी संस्थेने समाजमाध्यमे कशी वापरावीत

पावसाळ्यात खडकवासला धरण भरत आले की पुणेकरांच्या मोबाइलवर एक सूचना फिरू लागते: अमुक वाजल्यापासून मुठा नदीपात्रात इतके हजार क्युसेक विसर्ग सोडण्यात येत असून नागरिकांनी दक्षता घ्यावी. सूचना बिनचूक असते. परंतु एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी, हे नारायण पेठेतून दुचाकीवर डेक्कनला निघालेल्या माणसाला ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी त्या क्षणी त्याचा उपयोग नसतो. ‘आज रात्री आठनंतर भिडे पुलावरून जाऊ नये, दुचाकीस्वारांनी झेड ब्रिज वापरावा, नदीपात्रातील रस्त्यावर लावलेली वाहने सातच्या आत हलवावीत’ असे लिहिले, तर तोच माणूस गाडी वळवतो. कार्यालय सरकारी असो वा संस्था धर्मादाय, समाजमाध्यमांवरील प्रत्येक मजकुराला हाच प्रश्न विचारावा: हे वाचून कोणी नेमके काय करायचे आहे?

म्हणून पहिले पाऊल कागदावरचे आहे. खाते उघडण्याआधी, कोणी काय करावे अशी आपली अपेक्षा आहे ते एका वाक्यात लिहावे. ‘जनजागृती’ हा शब्द त्या वाक्यात आला तर वाक्य पुन्हा लिहावे, कारण त्या शब्दाखाली काहीही खपते. मे महिन्यात महाविद्यालयांना सुट्ट्या लागतात आणि रक्तपेढ्यांना दाते मिळेनासे होतात; अशा वेळी ‘रक्तदान श्रेष्ठदान’ लिहिलेल्या चित्रापेक्षा, मागील शिबिरात रक्त दिलेल्या पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी गेलेला साधा संदेश अधिक काम करतो, कारण पुन्हा रक्त देण्यास ते त्या वेळी पात्र झालेले असतात.

दुसरे पाऊल खात्याच्या मालकीचे, आणि येथेच सर्वाधिक घोळ होतो. मी काही काळ ज्या संस्थेचे काम पाहत होतो, तिचे फेसबुक पेज एका उत्साही विद्यार्थ्याने स्वतःच्या मोबाइल क्रमांकावरून उघडले होते. त्याला बंगळुरूला नोकरी लागली, जुना क्रमांक बंद झाला, आणि पासवर्ड बदलण्यासाठी येणारा ओटीपी कोणाच्याच हाती लागेना. आम्ही नवे पेज काढले, पण जुने देणगीदार पुढे कित्येक महिने जुन्याच पेजवर ‘पावती मिळाली नाही’ असे लिहीत राहिले आणि त्यांना उत्तर देणारे कोणी नव्हते. तेव्हा खाते कार्यालयाच्या ईमेलवर आणि कार्यालयाच्याच सिमकार्डावर उघडावे, किमान दोन ॲडमिन ठेवावेत, दुहेरी पडताळणी सुरू करावी, आणि अधिकाऱ्याची बदली झाली की किल्ल्या व नोंदवह्यांप्रमाणे खात्यांचाही कार्यभार लेखी सोपवावा. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने शासकीय संस्थांसाठी समाजमाध्यमांच्या वापराची मार्गदर्शक चौकट २०१२ मध्येच प्रसिद्ध केली आहे. सरकारी कार्यालयाने ती नजरेखालून घालावी.

माध्यम निवडताना सगळीकडे असण्याचा हव्यास धरू नये. वस्तीतील आणि सोसायट्यांतील माणसांपर्यंत व्हॉट्सॲप पोहोचते, महाविद्यालयीन मुलांपर्यंत इन्स्टाग्राम, तर तक्रारी करणारे जागरूक नागरिक आणि बातमीदार एक्सवर भेटतात. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १०२४ सदस्य घेता येतात, पण त्यांचे क्रमांक एकमेकांना दिसतात. स्त्रियांच्या आरोग्याचा किंवा व्यसनमुक्तीचा ग्रुप काढताना हे घातक ठरू शकते. अशा कामासाठी, २०२३ पासून उपलब्ध असलेले व्हॉट्सॲपचेच चॅनेल बरे, कारण तेथे अनुयायांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत.

मजकूर लिहिताना कचेरीची भाषा दाराबाहेर ठेवावी. ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते’ यात वाचकाची पहिली ओळ वाया जाते, आणि मोबाइलवर बहुधा तेवढीच ओळ दिसते. मान्यवरांची छायाचित्रे लावून उरलेल्या जागेत शिबिराची तारीख कोंबू नये. तारीख, वर्ष आणि वेळ चित्रावरच छापावी, कारण चित्र पुढे पाठवले जाताना सोबतचा मजकूर गळून पडतो आणि गेल्या वर्षीच्या विसर्गाचा इशारा यंदा पुन्हा धावपळ उडवतो. उलट, केवळ चित्रातच मजकूर दिला तर पडद्यावरील अक्षरे वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध व्यक्तीला तो कळत नाही. त्यामुळे तीच माहिती खाली अक्षरांतही द्यावी.

छायाचित्रांबाबत माझे मत थोडे कडक आहे. शिधा घेणाऱ्या बाईचा हात आणि देणाऱ्याचा हसरा चेहरा असलेला फोटो टाकूच नये. त्याऐवजी काम दाखवावे. मुलांच्या बाबतीत तर हा निव्वळ अभिरुचीचा प्रश्न नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याशी संघर्ष झालेल्या बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे, आणि बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचे कलम २३ पीडित बालकाबाबत तेच सांगते. प्रौढांची संमती मराठीत लिहून, वाचून दाखवून घ्यावी, आणि ती मागे घेता येते हेही सांगावे.

उत्तरे कोण देणार आणि किती तासांत, हे आधी ठरवावे. कमेंटमध्ये कोणी आधार क्रमांक लिहिला तर तो तत्काळ लपवावा, पण टीका पुसू नये.

देणगीच्या आवाहनात क्यूआर कोड विश्वस्त संस्थेच्याच नावाच्या खात्याचा असावा, कार्यकर्त्याच्या खात्याचा नव्हे. देणगीदाराला प्राप्तिकरात वजावट मिळवून देणारी ८०जी नोंदणी असेल तर २,००० रुपयांपेक्षा अधिकची रोख देणगी वजावटीस पात्र ठरत नाही, हे तेथेच लिहावे. पुण्यात घरटी कोणी ना कोणी अमेरिकेत असतो, त्यामुळे पोस्ट तिकडे जातेच. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी अंशदान मानली जात नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या भाच्याची मात्र मानली जाते, आणि ती विदेशी अंशदान नियमन कायद्याखालील (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी यांशिवाय स्वीकारता येत नाही.

जाहिरातीवर खर्च करायचा झाल्यास संपूर्ण शहर न निवडता शिबिराच्या जागेभोवतीचा लहानसा परिसर निवडावा. पात्र ठरलेल्या सेवाभावी संस्थांना गूगल सर्चवर दरमहा १०,००० डॉलरपर्यंतच्या जाहिराती विनामूल्य देण्याची गूगलची योजना आहे, तिचा अर्ज आधी करून पाहावा.

शेवटचे पाऊल मोजणीचे. लाइक मोजायला सोपे असतात, एवढाच त्यांचा गुण. शिबिराच्या नोंदवहीत ‘कुठून कळले?’ असा एक रकाना वाढवावा. एका नेत्रतपासणीच्या वेळी आम्ही तो ठेवला होता. रील पाहून आलेले थोडे निघाले; बहुतेकांनी ‘शेजारणीने सांगितले’ असे लिहिले, आणि खोदून विचारल्यावर त्या शेजारणी बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या निघाल्या. पुढच्या शिबिराचा मजकूर आम्ही आधी त्या गटाच्या अध्यक्षांना पाठवला, आणि तोही त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घेऊन.