एकच ओलित, म्हणजे पाण्याची एकच पाळी, देता येत असेल, तर कपाशीला ते कधी द्यावं?

विदर्भ-मराठवाड्यातली बहुतेक कपाशी पावसावरच येते. विहिरीत किंवा शेततळ्यात एखाद-दुसऱ्या ओलितापुरतं पाणी असतं. ते चुकीच्या आठवड्यात दिलं, तर वर्षाची मेहनत वाया जाते. म्हणून पाणी किती यापेक्षा ते कधी आणि कसल्या झाडाला द्यायचं, हे आधी ठरवा.

सुरुवात उन्हाळ्यातच करा. शेतात दोन-तीन ठिकाणी तीन फूट खोल खड्डा घ्या. फूट-दीड फुटावर मुरूम लागला, तर ते रान ओल फार दिवस धरणार नाही. भारी काळ्या रानात मात्र पाऊस गेल्यावरही कपाशीचं सोटमूळ खालची ओल ओढत राहतं.

वाण या खड्ड्याकडे बघून निवडा, शेजाऱ्याच्या पिशवीकडे बघून नाही. हलक्या रानात 180 दिवसांचा, पसरणारा वाण लावला, तर ऑक्टोबरात बोंडं भरायच्या वेळी जमीन कोरडी पडते. तिथे 140-150 दिवसांत येणारा, आटोपशीर, गळफांद्या (बोंडं न धरता नुसत्या वाढणाऱ्या फांद्या) कमी असलेला वाण घ्या आणि झाडं दाट ठेवा. 90 बाय 15 सें.मी.वर एकरी जवळपास 30 हजार झाडं बसतात. झाडाला 8 बोंडं आणि बोंडाला 4 ग्रॅम कापूस धरला, तर साडेनऊ क्विंटलांचा हिशेब होतो. मर, सड, किडी यांची वजावट त्यातूनच करायची. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा ‘सूरज’ हा अशा सघन लागवडीला चालणारा सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण आहे. देशी कपाशीही विसरू नका. तिची मुळं खोल जातात आणि ती पावसाचा खंड चांगला सोसते.

75 ते 100 मि.मी. पाऊस झाल्याशिवाय लावण करू नका, आणि ती उताराला आडवी करा. महिना-सव्वा महिन्याने डवऱ्याला (ओळींमधल्या कोळपणीचं अवजार) दोरी गुंडाळून ओळींमध्ये सऱ्या काढा. खर्च जवळजवळ नाही, पण पडलेला पाऊस शेतात मुरतो.

आता खरं काम, पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड वाचायचं. पात्या (फुलांच्या कळ्या) धरल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी फूल येतं आणि फुलापासून बोंड फुटायला 45-50 दिवस लागतात. फूल उमललं त्या दिवशी पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. फळफांदीवर खोडालगत असलेलं सर्वांत वरचं पांढरं फूल शोधा आणि तिथून शेंड्यापर्यंतची पेरं मोजा. शेतात फिरून दहा-पंधरा झाडांवर हे करा. सात-आठ पेरं असली तर झाड वाढतंय, थांबा. फुलोरा नुकताच सुरू झालेला असताना ती पाचावर आली, तर झाडाला ताण बसलाय. पानं निळसर गडद दिसणं, दुपारी मलूल होणं, फुलं थेट शेंड्यावर दिसणं, ही त्याचीच लक्षणं.

तुमचं एक ओलित इथे द्या, फुलोऱ्याच्या भरात आणि बोंडं धरताना. ताण पडला की झाड पात्या आणि दहा दिवसांच्या आतली कोवळी बोंडं टाकतं. मोठी बोंडं सहसा गळत नाहीत, पण लहान राहतात. फुलानंतरच्या पहिल्या तीनेक आठवड्यांत धागा लांबत असतो. तेव्हा पाणी कमी पडलं तर धागा आखूड राहतो. पाणी एक सरी आड सोडा, थोड्या पाण्यात जास्त रान भिजतं.

फार दिवसांच्या उघडिपीनंतर मात्र भडाभडा ओलित करू नका. कोरड्या रानात एकदम पाणी साचलं की हिरवीगार, बोंडांनी लदलेली झाडं एक-दोन दिवसांत माना टाकतात. याला आकस्मिक मर म्हणतात. जोरदार पावसाने तसं झालं, तर सगळ्यात आधी चर काढून पाणी बाहेर काढा आणि वाफसा येताच डवरणी करा.

बोंडं फुटू लागली की पाणी बंद. त्यानंतरच्या ओलितावर फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा पीक, घ्यायचा मोह होतो, पण तिच्यावर गुलाबी बोंडअळी पोसली जाते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच शेतात उतरते. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून रान मोकळं करा.