माळरानावर मॉडेल विमान सुरक्षितपणे उडवताना

एक किलो वजनाचे फोमचे मॉडेल विमान ताशी ५० किलोमीटर वेगाने येऊन माणसाच्या डोक्याला लागले तर गंभीर इजा होऊ शकते आणि त्याचा फिरता प्रॉपेलर बोटाच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) कापू शकतो. म्हणून या छंदाची सुरुवात विमानाच्या निवडीपासून न करता जागेच्या निवडीपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

मराठवाड्यातील काळी भारी जमीन धावपट्टीसाठी गैरसोयीची असते. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत चाक अडकून विमान तोंडावर आपटते, आणि पावसाळ्यात चिखल चाकांना इतका चिकटतो की विमानाला उड्डाणाचा वेग गाठता येत नाही. मुरमाड माळरान सर्वांत चांगले. ज्वारी निघालेल्या रानात उडवायचे असेल तर धसकटे उपटलेली आहेत याची खात्री करावी, आणि मालकाची परवानगी तर घ्यावीच. जागा ठरवण्याआधी शिवारातून एक फेरी मारून शेतीपंपांच्या विजेच्या तारा कुठून जातात ते पाहून ठेवावे, कारण दूरवर असलेल्या विमानाच्या नजरेच्या रेषेत तार पुढे आहे की मागे हे जमिनीवरून कळत नाही. तारेवर अडकलेले विमान काठीने काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. वीज वितरण कंपनीच्या कर्मचाऱ्यांना बोलवावे.

‘ड्रोन नियम, २०२१’ नुसार २५ किलोपर्यंत वजनाचे, शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी आणि डोळ्यांच्या टप्प्यातच उडवले जाणारे विमान ‘मॉडेल’ या वर्गात येते. हरित क्षेत्रात (जेथे उड्डाणासाठी आधी परवानगी लागत नाही) उंचीची मर्यादा साधारणपणे १२० मीटर आहे, तर विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती ६० मीटर आहे. छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ शहराला लागूनच आहे, आणि नांदेड व लातूर येथेही विमानतळ आहेत, म्हणून जागा पक्की करण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर ती तपासावी. पैठणचा नाथसागर मोकळा दिसला तरी तो पक्षी अभयारण्याचा भाग असल्याने तेथे विमान नेऊ नये.

आपल्याकडे वेळेची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, आणि तेथे तापमान ४० अंशांवर गेले की हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण हवेच्या तुलनेत सुमारे १४ टक्क्यांनी कमी होते, त्यामुळे तेच विमान हवेत तरंगत ठेवण्यासाठी सुमारे ८ टक्के अधिक वेग लागतो. जानेवारीच्या सकाळी सहज उतरणारे विमान मेच्या दुपारी वेगाने का येते, याचे उत्तर यात आहे. शिवाय दुपारी उठणाऱ्या वावटळी काही क्षणांत विमान उलथवतात. एका एप्रिलमध्ये उतरण्याच्या तयारीत असलेले माझे विमान अशाच वावटळीने धुऱ्यावरच्या बाभळीत नेऊन टाकले, आणि तेव्हापासून मी उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर उड्डाण करत नाही. नवशिक्यांनी जून ते ऑगस्टमधील जोराच्या पश्चिमी वाऱ्यातही थांबावे.

बॅटरी हा या छंदातील सर्वांत धोक्याचा भाग आहे. लायपो म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. उड्डाणानंतर तो ३.५ व्होल्टच्या खाली गेलेला नसावा आणि साठवताना ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. २२०० एमएएच क्षमतेची बॅटरी २.२ अँपिअरने, बॅलन्स चार्जरवर (सर्व सेल सारखे भरणाऱ्या चार्जरवर), डोळ्यांसमोर आणि जळाऊ वस्तूंपासून दूर चार्ज करावी; जवळ वाळूची बादली असू द्यावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतील तापमान ६० अंशांच्या घरात जाऊ शकते, म्हणून बॅटरी गाडीत ठेवून जाऊ नये. घरी बांधलेल्या विमानात मोटरचा आधार ग्लू गनच्या गोंदाने चिकटवला असेल तर तोही उन्हात मऊ पडतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

उड्डाणापूर्वी आधी ट्रान्समीटर (हातातला रिमोट) सुरू करावा, थ्रॉटल म्हणजे मोटरचा वेग ठरवणारी काडी तळाशी असल्याचे पाहावे आणि मगच विमानाची बॅटरी जोडावी. त्या क्षणापासून प्रॉपेलर कधीही फिरू शकतो असे समजून त्याच्या समोर किंवा बाजूला कोणालाही उभे राहू देऊ नये. ट्रान्समीटरवरची विमान कलवणारी काडी उजवीकडे केल्यावर उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर उचलला गेला पाहिजे. ही तपासणी प्रत्येक वेळी करावी, कारण दुरुस्तीनंतर उलटे जोडले गेलेले सर्व्हो (या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) हे अपघाताचे नेहमीचे कारण आहे. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश अंतरात असावा. शेपूट जड असलेले विमान हवेत जवळजवळ सावरता येत नाही. ट्रान्समीटर बंद पडल्यास मोटर थांबते की नाही, हे प्रॉपेलर काढून जमिनीवरच पाहावे, आणि कमी शक्तीच्या रेंज चाचणीत सुमारे ३० मीटरवरून पंख व शेपटीवरच्या सर्व हलत्या पट्ट्या हलतात याची खात्री करावी.

उड्डाण आणि उतरणे वाऱ्याच्या दिशेला तोंड करूनच व्हावे. विमान माणसांच्या, गुरांच्या किंवा खुरपणीला आलेल्या बायांच्या डोक्यावरून न जाऊ देण्याची जबाबदारी उडवणाऱ्याचीच असते, म्हणून शेजारी एक सोबती उभा करावा. त्याने आजूबाजूला पाहावे आणि उडवणाऱ्याने विमानावरून नजर हटवू नये. घारी घिरट्या घालू लागल्या तर विमान खाली आणून उतरवावे. विमान आपल्याकडे येत असताना डावे-उजवे उलटे वाटते. त्या वेळी जो पंख खाली झुकलेला दिसतो त्याच बाजूला काडी सरकवावी, म्हणजे विमान सरळ होते. नियंत्रण सुटल्याची शंका येताच प्रथम थ्रॉटल बंद करावे, विमान वाचवण्याच्या विचारात माणसांच्या दिशेने ओढून नेऊ नये.

उतरल्यावर आधी विमानाची बॅटरी काढावी आणि नंतर ट्रान्समीटर बंद करावा. बॅटरी हाताला गार लागेपर्यंत सावलीत ठेवावी आणि त्यानंतरच चार्जरला लावावी.