कोंबड्यांच्या खाण्यात हळद, लसूण, शेवगा किती आणि कसा घालायचा

मुंबईतल्या गोराई, मनोरी किंवा कुठल्याही गावठाणात ज्यांनी घरामागे चार-सहा गावठी कोंबड्या पाळल्यात त्यांच्यासाठी लिहितोय, कारण कोणीतरी सांगतं मूठभर हळद घाल आणि लोक खरंच मूठभर घालतात. प्लीज नका घालू.

आधी पोटभर नीट खाणं. मोठी कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाते आणि अंड्यावरच्या कोंबडीला त्यात 16-18 टक्के प्रोटीन लागतं, म्हणून लेयर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) पाहिजेच, नुसता तांदूळ आणि कोंडा देऊन वर मसाला टाकला तर उपयोग शून्य.

आता प्रमाण. 1 किलो फीडला 5 ग्रॅम हळद, चिमूटभर काळी मिरी पूड (मिरीमुळे हळद अंगाला जास्त लागते) आणि चमचाभर तेल, ते चोळून घ्यायचं नाहीतर सगळी पूड भांड्याच्या तळाला राहते. सुटी पिवळीधमक हळद घेऊ नका, त्यात रंगाची भेसळ असू शकते, हळकुंडं आणून घरी दळा. लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून दहा मिनिटं तशाच ठेवा, लसणातलं कामाचं द्रव्य ठेचल्यावरच तयार होतं. आठवड्यातून दोनदा बस झाला, रोज भरपूर लसूण दिला तर रक्त कमी होऊ शकतं, आणि कांदा तर नकोच.

माझ्या मते सगळ्यात भारी शेवग्याचा पाला! मुंबईत जागोजागी शेवगा आहे, फांदी छाटली की पाला सावलीत वाळवा, चुरा करा, किलोला दोन-तीन चमचे, बलक मस्त गडद पिवळा होतो. झेंडूच्या पाकळ्यांनीही होतो पण घरचा झेंडू हवा, बाजारातल्या फुलांवर औषधांची फवारणी असू शकते. लाल मिरची पूडही चालते, पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, त्यामुळे घाबरू नका, फक्त मिसळताना आपलं नाक सांभाळा.

पावसाळ्यात खरी काळजी बुरशीची. फीडला कुबट वास आला, गुठळ्या झाल्या की सरळ फेकायचं, बुरशीचं विष हळदीने जात नाही. आणि मान वाकडी होणं, हिरवी पातळ विष्ठा, ही राणीखेतची (कोंबड्यांचा जीवघेणा साथीचा रोग) लक्षणं दिसली तर काढा पाजत बसू नका, ती कोंबडी लगेच वेगळी ठेवून डॉक्टरला फोन करा, राणीखेतवर लसच लागते आणि तीही आधीच दिलेली.

पिल्लांना पहिले काही आठवडे फक्त स्टार्टर फीड (पिल्लांचं तयार खाद्य) द्या, लेयर फीड नको कारण त्यातलं जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या किडनीला झेपत नाही. ओलं कालवलेलं खाणं सकाळी तासाभरात संपेल एवढंच ठेवा, उरलं तर उचला, उंदीर येतात.